भोगीपासून उलटं मोजा: सोलापुरातली परसबाग हिवाळी भाज्यांकडे कशी वळवायची

भोगी साधारण १३ जानेवारीला येते. त्या दिवशीच्या भाजीत गाजर, वाटाणा, घेवडा, पावटा, वांगं आणि हरभऱ्याचे हिरवे सोलाणे लागतात. यातली निम्मी भाजी जरी आपल्या परसातून यावी असं वाटत असेल, तर दिवस मागे मोजा. गाजराला नव्वद दिवस लागतात, म्हणजे बी ऑक्टोबरच्या मध्याला मातीत हवं. वाटाण्याला पासष्ट-सत्तर दिवस, म्हणजे नोव्हेंबर उजाडताच. घेवड्याला पंचावन्न-साठ, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. आणि ऑक्टोबरच्या मध्याला वाफा तयार हवा, तर जून झालेल्या भेंडीचा निर्णय सप्टेंबरातच घ्यावा लागतो. बहुतेक नवे लोक इथेच चुकतात. थंडी पडल्यावर बियाणं आणायला निघतात आणि गाजर हाती येईपर्यंत ऊन चढलेलं असतं.

माझं परस जुळे सोलापुरात, घरामागे, तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब अशा सहा वाफ्यांचं. पुढची सगळी मापं याच आकाराच्या वाफ्यासाठी आहेत. तुमचा वाफा लहान असेल तर त्या हिशेबाने कमी करा.

आपला हिवाळा रात्रीचा असतो

बियांच्या पाकिटावर ‘हिवाळी हंगाम’ असं छापलेलं असतं. छापणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा नाशिक किंवा पुणे असतं. सोलापुरात डिसेंबरातसुद्धा भर दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि रात्री तो पंधरा-सोळापर्यंत उतरतो. म्हणजे थंडी आहे, पण ती सूर्य मावळल्यावर. दिवस उन्हाचाच. मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर, मुळा, कांदा, लसूण, हरभरा, टोमॅटो यांना एवढी थंडी पुरते. वाटाणा कुरकुरतो पण देतो. फ्लॉवर मात्र फार नखरेल. तापमान मनासारखं नसलं किंवा वाण वेळेचा नसला, तर त्याचा गड्डा सुपारीएवढा होऊन फुटतो. पहिल्या वर्षी फ्लॉवरच्या वाटेला जाऊ नका. हौस असेल तर कोबी किंवा नवलकोल लावा.

दुसरी गोष्ट पावसाची. आपल्याकडे वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला सगळ्यात भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत पडतो. म्हणून तर इथली ज्वारी रब्बीची. मंगळवेढ्याची मालदांडी याच परतीच्या ओलीवर उभी राहते. परसबागेलाही तोच नियम लागू आहे: सप्टेंबरची ओल जमिनीत मुरू द्यायची, ती उडून जाऊ द्यायची नाही आणि तिच्यावर ऑक्टोबरात पेरायचं. मधे ऑक्टोबरचं कडक ऊन असतं. कोवळ्या रोपांचा घात तिथेच होतो.

तेव्हा सगळी बाग एका दिवसात बदलायची नाही. एक वाफा रिकामा करायचा, तयार करायचा, पेरायचा, मग दुसरा. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हे चालतं. त्या दोन-अडीच महिन्यांत स्वयंपाकघराला जुन्या बागेतून गवार मिळत राहते आणि नव्या बागेतून मेथी येऊ लागते.

पहिलं काम उपटण्याचं नाही, रोपांचं

गणपतीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, टोमॅटो आणि कोबीचं बी टाका. टोमॅटोचं रोप लावायला पंचवीस-तीस दिवसांत तयार होतं, कोबीचं बावीस-पंचवीस दिवसांत. तोवर जुने वाफे जागेवरच असू द्या. रोपांसाठी प्रोट्रे (खळ्यांचा प्लास्टिक ट्रे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिळालं तर उत्तम, नाहीतर तळाला भोकं पाडलेले कागदी कप चालतात. काळी माती नुसती भरू नका. ती वरून कडक होते आणि आतून चिखल राहते. एक भाग माती, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट असं मिश्रण करा.

टोमॅटोमध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे वाण घरच्या बागेला चांगले आहेत. ते संकरित नसल्याने पुढच्या वर्षासाठी आपलंच बी धरता येतं. कोबीत गोल्डन एकर लवकर येतो आणि गड्डा लहान, चार माणसांच्या घराला पुरेल इतका असतो.

रोपं कोलमडण्याचं एकच मोठं कारण: जास्त पाणी. बुडापाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन ती आडवी पडतात. ही रोपमर. एकदा सुरू झाली की शेजारच्या कपात जाते. त्यामुळे सकाळी एकदाच, वरची माती सुकलेली दिसली तरच पाणी द्या, आणि ट्रे पूर्वेकडे ठेवा म्हणजे कोवळं ऊन मिळेल, दुपारचं नाही. बीजप्रक्रियेला चिमूटभर ट्रायकोडर्मा, म्हणजे उपयोगी बुरशीची पूड, बियांना चोळून घेतलंत तर काळजी बरीच कमी होते. ते कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

कांद्याचं बी ऑक्टोबरच्या शेवटी टाकायचं. त्याची रोपं पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, डिसेंबरात लावायची असतात. एन-२-४-१ हा रब्बीचा जुना, टिकाऊ वाण आहे.

काय काढायचं आणि काय राखायचं

सप्टेंबरात एक दिवस सकाळी बागेत नुसतं फिरा. हातात खुरपं नको. प्रत्येक झाडाकडे बघून ठरवा.

भेंडी: पानांच्या शिरा पिवळ्याधमक आणि पान जाळीसारखं दिसत असेल तर तो हळद्या. पांढरी माशी तो पसरवते. अशी झाडं बरी होत नाहीत. आधी यांना काढा आणि खताच्या खड्ड्यात न टाकता बाहेर घालवा. निरोगी भेंडी असेल आणि अजून दिवसाआड शेंगा देत असेल, तर ती ऑक्टोबरअखेर राहू द्या. घाई नाही.

दोडका, कारलं, काकडी: पानांवर पांढरी भुकटी दिसली की ती भुरी. वेल थकले, फळं वाकडी येऊ लागली की मांडवावरून उतरवा. मांडव मात्र मोडू नका. त्यावर पावटा आणि वाल चढवता येतात. जुना वेल उतरवण्याच्या पंधरा दिवस आधीच मी बुडापाशी पावटा टोकून ठेवते. जुना वेल वाळेपर्यंत नवा मांडवाला हात घालतो.

गवार आणि चवळी: ही उपटायची नाहीत, जमिनीलगत कोयत्याने कापायची. यांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठवणारे जिवाणू असतात. मुळं जागेवर कुजली की पुढच्या पिकाला त्याचा फायदा. अशा वाफ्यात पालेभाज्या घ्या, त्यांना नत्राची भूक मोठी.

इथे थांबून एक गोष्ट नीट शिकून घ्या, कारण तिच्यावर पुढचं बरंच ठरतं. एक-दोन झाडं मुद्दाम हळुवार खणून मुळं पाण्यात धुवा आणि उजेडात धरा. गवारीच्या मुळाला बाजूने चिकटलेले मोहरी-मुगाएवढे दाणे दिसतील. नखाने सहज सुटतात. एखादा फोडला तर आतून गुलाबी असतो, झाड फार जून झालं असेल तर तपकिरी. ही चांगली गाठ. आता भेंडीचं किंवा टोमॅटोचं मूळ धुवून बघा. तिथे मूळच जागोजाग फुगलेलं, आल्याच्या कांडीसारखं गाठाळलेलं असेल आणि ती गाठ मुळापासून सुटत नसेल, तर ते सूत्रकृमींचं काम. डोळ्यांना न दिसणारे हे किडे मातीत राहतात. त्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, गाजर लावू नका. तिथे लसूण, कांदा घ्या, आणि झेंडू. दसरा-दिवाळीच्या तोरणासाठी लावलेला झेंडू फुलं संपल्यावर फेकू नका. मुळांसकट बारीक करून त्याच वाफ्यात गाडा. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात.

वांगी: नव्या लोकांना वांग्याचं झाड म्हातारं वाटतं आणि ते उपटून टाकतात. असं करू नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला, पावसाची उघडीप बघून, झाड गुडघ्याएवढं ठेवून वरचं छाटा. सुकलेले शेंडे आणि भोकं पडलेली वांगी वेगळी करून नष्ट करा, त्यात पोखरणारी अळी असते. बुडापाशी घमेलंभर शेणखत द्या. दीड-दोन महिन्यांत नवी फूट फळाला येते आणि भोगीच्या भाजीतलं वांगं अशाच छाटलेल्या झाडाचं निघतं. मिरचीही राखायचीच.

अंबाडीबद्दल सांगायलाच हवं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत गोंगुऱ्यावाचून, म्हणजे अंबाडीवाचून, पान हलत नाही, आणि माझ्याकडची अंबाडी दरवर्षी तिकडच्या एका मैत्रिणीकडे जाते. दिवस लहान होऊ लागले की अंबाडी फुलावर येते आणि पानं राठ होतात. म्हणून सप्टेंबरात शेंडे खुडून पानं घ्या, ठेच्याची-लोणच्याची सोय करा आणि दोनच झाडं बियांसाठी सोडून बाकीचा वाफा मोकळा करा.

सावली मोजा

उन्हाळ्यात जिथे भरपूर ऊन होतं तिथे हिवाळ्यात असेलच असं नाही. मे महिन्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, भिंतीला दुपारी सावली जवळपास नसते. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो. सहा फूट उंच कंपाउंडच्या भिंतीची भर दुपारची सावली तेव्हा उत्तरेकडे पाच फुटांहून थोडी जास्त पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला लागून असलेला वाफा हिवाळाभर सावलीत जातो. तिथे पालक, कोथिंबीर, चुका, पुदिना ठेवा. टोमॅटो, कांदा, लसूण, हरभरा उघड्या वाफ्यात.

वाफसा येईपर्यंत हात बांधून ठेवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

पहिल्या वर्षी मी दसऱ्याचा मुहूर्त धरून एका दिवसात सहाही वाफे उपटले आणि खणले. आदल्या दोन रात्री हस्ताचा चांगला पाऊस झाला होता. माती लोण्यासारखी कापली जात होती, काम झपाझप झालं, फार समाधान वाटलं. आठ दिवसांच्या उन्हात त्याच मातीची ढेकळं विटांसारखी झाली. हाताने फुटेनात, पाणी टाकलं की वरून ओघळून जाई. मेथी फटींतून उगवली, गाजरं दोन-तीन पायांची निघाली. त्या वाफ्यांची घडी बसायला पुढचा पावसाळा यावा लागला.

आपली काळी माती ओली असताना दाबली की तिच्यातली हवेची पोकळी मिटते आणि सुकताना ती आकसून दगड होते. पूर्ण कोरडी असताना खणायला जा, तर कुदळ उसळते. या दोन्हींच्या मधली जी अवस्था, तिला वाफसा म्हणतात. शेतकऱ्याला तो पायाला कळतो. आपण हाताने तपासायचा. चार-पाच इंच खोलवरची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा. बोटाला चिकटून लकाकी आली तर अजून ओल जास्त आहे. लाडू झाला, पण कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर जमिनीवर फुटून त्याचे बारीक रवाळ तुकडे झाले, तर तोच वाफसा. लाडू वळतच नसेल तर हलकं पाणी देऊन दोन दिवस थांबा. चांगल्या पावसानंतर वाफसा यायला उन्हाप्रमाणे चार ते सात दिवस लागतात. त्या दिवसांत वाफ्यावर पायसुद्धा ठेवू नका. कडेने फिरा.

वाफसा आला की वीतभर खोल खणा, ढेकळं तिथल्या तिथे हाताने चुरा आणि एका वाफ्याला दीड-दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. शेणखत मुठीत धरल्यावर वास मातीचा यायला हवा. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे, त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी आणि वाळवी येते. परतीचा पाऊस अजून बाकी असेल तर वाफा चार-पाच इंच उंच, गादीवाफा करा. पाणी साचत नाही. नोव्हेंबरातले वाफे उलट सपाट, कडेला छोटे बांध घालून करा, म्हणजे दिलेलं पाणी तिथेच मुरतं.

गाजराचा वाफा वेगळा. त्यात एक घमेलं वाळू जास्तीची घाला आणि माती चाळणीने चाळल्यासारखी मऊ करा. एवढं करायची तयारी नसेल तर गाजर मोठ्या कुंडीत घ्या, काळ्या जमिनीशी भांडू नका.

तयार वाफा दोन दिवसांत पेरायचा नसेल तर तो झाकून ठेवा. ज्वारीचा कडबा, उसाचं पाचट, कडुनिंबाचा पाला, जे असेल ते. ऑक्टोबरचं ऊन उघड्या मातीतली ओल आठवडाभरात घेऊन जातं.

घटाची माती काय सांगते

नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य पेरतो, तेव्हा एक प्रयोग आपोआप होतो. नऊ दिवसांत कुठलं धान्य किती उगवलं ते दिसतं, आणि खेड्यात अजूनही त्यावरून रब्बीचा अंदाज बांधतात. आपण बियाण्याची परीक्षा तशीच करायची. प्रत्येक पाकिटातले वीस दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, डब्यात झाकून ठेवा. मेथी, मुळा, हरभरा तीन-चार दिवसांत कोंब दाखवतात. धने आणि गाजर आठ-दहा दिवस घेतात. वीसमधले पंधरा-सोळा उगवले तर बी उत्तम. दहाच उगवले तर दाट पेरा. पाचच उगवले तर बी बदला.

मेथीचं बी घरच्या डब्यातलं चालतं. धनेही चालतात, पण वर्षाच्या आत घेतलेले हवेत. हरभऱ्यासाठी किराण्यातला न फोडलेला गावरान घ्या.

पेरणी, वाफ्यामागून वाफा

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. पहिला रिकामा झालेला वाफा मुळा आणि शेपूला द्या. मुळ्यात पुसा चेतकी उष्णता सोसणारा आहे, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढायला येतो. याच सुमाराला कडेने करडई पेरा. तेलासाठी नाही, भाजीसाठी. वीस-पंचवीस दिवसांची, काटे धरण्याआधीची कोवळी करडई लसणाच्या फोडणीत काय लागते हे ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. आता टोमॅटो-कोबीची रोपं लावायची. चार-पाच दिवस आधी त्यांचं पाणी कमी करा आणि ट्रे थोडा वेळ उघड्या उन्हात ठेवा, म्हणजे रोप काटक होतं. लावणी संध्याकाळीच. टोमॅटो दोन फुटांवर, कोबी दीड फुटावर. टोमॅटोचं रोप खोडाचा खालचा भाग मातीत जाईल असं खोल लावा, त्या खोडालाही मुळं फुटतात. कोबीला तसं करू नका. पुढचे पाच-सहा दिवस दुपारी अकरा ते चार प्रत्येक रोपावर सावली हवी. उलटं डालं, कडुनिंबाची डहाळी, चार काठ्यांवर जुनं सुती पातळ, काहीही. ज्यांनी हे केलं त्यांची रोपं जगतात.

ऑक्टोबरचा मध्य. गाजर आणि हरभरा. गाजराचं बी थेट जागेवर पेरायचं, रोप उचलून लावलं की गाजर वाकडं होतं. बी फार बारीक, म्हणून चार मुठी कोरड्या वाळूत मिसळून बोटाएवढ्या खोल नाही, नखाएवढ्या खोल ओळीत सोडा. ओळीतलं अंतर वीतभर. त्याच ओळीत थोडं मुळ्याचं बी टाकलं तर चार दिवसांत ओळ कुठे आहे ते कळतं, आणि गाजर वाढेपर्यंत मुळे काढून झालेले असतात. पेरल्यावर वाफ्यावर ओलं गोणपाट अंथरा, दिवसातून दोनदा शिंपडा. सहाव्या दिवसापासून रोज सकाळी कोपरा उचलून बघा. दोऱ्यासारखे पहिले हिरवे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर केला तर कोंब गोणपाटात अडकून तुटतात. बोटभर उंच झाल्यावर दोन इंचांवर एक ठेवून बाकीची उपटा. जीव तुटतो, पण न विरळता गाजर मिळत नाही. बीटाचंही तसंच. त्याचं एक ‘बी’ म्हणजे दोन-तीन बियांचा गुच्छ असतो, त्यातलं एकच रोप ठेवा.

हरभरा वीतभर अंतरावर टोका. महिन्याचा झाला की शेंडे खुडा. भाजी मिळते आणि झाड पसरतं, घाटे जास्त लागतात. फुलं आल्यावर मात्र खुडणं बंद. सकाळी पानांवर आंब, म्हणजे आंबट दव, असते, हाताला चुरचुरते. भाजी धुऊन घ्या, पण तिची आंबट चव धुण्याने जाऊ नये इतपतच.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. रात्र गार वाटू लागली, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटलं, की मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, घेवडा, लसूण. कोथिंबीर याआधी पेरलीत तर ती लगेच फुलावर जाते. धने चपलेने रगडून दोन फाका करायचे, रात्रभर भिजवायचे आणि मग पेरायचे. अख्खा धना उगवतो, पण उशिरा आणि विरळ. मेथी एकदम सगळी पेरू नका. वाफ्याचा तिसरा भाग आज, तिसरा दहा दिवसांनी, उरलेला त्याच्या दहा दिवसांनी. मेथी महिन्याभरात तयार होते आणि आठवड्यात जून होते, म्हणून हे टप्पे. पालक कापून घ्या, उपटू नका, तीन-चार कापण्या मिळतात.

लसणाच्या बाहेरच्या जाड पाकळ्याच लावा, टोक वर, चार इंचांवर एक. आतल्या बारीक पाकळ्या फोडणीला ठेवा. वाटाण्यात अर्केल लवकरचा आहे. त्याला दुपारी थोडी सावली मिळेल अशी जागा द्या, कारण फुलावर असताना कडक ऊन लागलं की फुलं गळतात.

गच्चीवर बाग असेल तर हेच वेळापत्रक, फक्त कुंड्या दक्षिणेच्या कठड्यापासून पाच फूट दूर सरकवा आणि पाणी थोडं पण रोज द्या.

पाणी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा बागेचं पाणी मोजूनच द्यावं लागतं. ऑक्टोबरात पालेभाजीच्या एका वाफ्याला दिवसाआड साधारण २५ लिटर पुरतं. डिसेंबरात काळ्या मातीला चार दिवसांतून एकदा ३०-३५ लिटर दिलं तरी चालतं. झाऱ्याने वरवर रोज शिंपडण्यापेक्षा थांबून भरपूर देणं चांगलं, मुळं खोल जातात. वेळ सकाळची.

सप्टेंबरात पन्हाळीखाली एक-दोन पिंपं लावा. रोपांसाठी पावसाच्या पाण्यासारखं पाणी नाही. पिंपाच्या तोंडाला घट्ट फडकं बांधाच, नाहीतर डास होतात आणि डेंग्यू घरात येतो.

बोअरच्या पाण्याकडे लक्ष द्या. वाफा सुकल्यावर मातीवर पांढरा थर दिसत असेल तर पाण्यात क्षार जास्त आहेत. अशा पाण्यावर पालक आणि बीट तगतात. घेवडा, गाजर, कांदा लगेच खंगतात, पानांच्या कडा करपतात. म्हणून नळाचं किंवा साठवलेलं गोडं पाणी या तिघांना आणि बोअरचं पालकाला, अशी वाटणी करा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं वाया जाणारं पाणी बागेत घालण्याचा मोह होतो. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, आपल्या मातीत ते नको. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी मात्र खुशाल घाला.

ढगाळ दिवस आणि मावा

डिसेंबरात दोन-तीन दिवस आभाळ आलं की करडई, कोबी, वाल यांच्या शेंड्यांवर मावा दिसतो. पहिल्या दिवशी तो बोटाने पुसून काढता येतो, पाचव्या दिवशी नाही. पाण्याचा जोरदार फवारा मारा. जास्त असेल तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी कापडातून गाळा, अंगाच्या साबणाचा थोडा चुरा मिसळून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात तेव्हाच वेचून सुकवून ठेवा. कोबीच्या कडेला मोहरीची एक ओळ पेरा. कोबीवर येणाऱ्या किडी आधी मोहरीवर जातात, तिथेच त्यांना गाठता येतं.

काढणी

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आमच्या सासरी, अक्कलकोट तालुक्यात, शेतात पंगत बसते. भज्जीत तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे आणि मेथी-चुक्यासारखा पाला जातो, सोबत आंबील. तिथे न्यायला परसातल्या मेथीच्या दोन जुड्या आणि चुका तयार असला, की वेळापत्रक बरोबर चाललं असं मी समजते. नसेल तर नोव्हेंबरची एक पेरणी चुकली, आणि ती संक्रांतीच्या आत भरून काढायला अजून वेळ असतो. मेथी आणि पालक जानेवारीच्या मध्यापर्यंत पेरता येतात.

गाजर उपटण्याआधी आदल्या दिवशी पाणी द्या, नाहीतर काळ्या मातीत ते अर्धं राहतं. लसणाची पात पिवळी पडून वाकू लागली, साधारण मार्चमध्ये, की पाणी तोडा आणि दहा-पंधरा दिवसांनी काढून पातीसकट सावलीत टांगा. टोमॅटो फेब्रुवारीअखेरपर्यंत देतो.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली की पहिला रिकामा होणारा वाफा, बहुधा मुळ्याचा किंवा मेथीचा, उन्हाळी गवार आणि भेंडीसाठी धरा. तोही आधी वाफसा बघून.